वारूळ आणि वठलेले खोड : गोंदिया जिल्ह्यातील रानकवके

गोंदिया जिल्ह्याच्या वनसंपत्तीची मोजदाद होते तेव्हा सागवान, बांबू, तेंदूपाने, मोहफुले, लाख आणि डिंक ही नावे ठरल्याप्रमाणे येतात. वनविभागाच्या नोंदी असोत, विडी-उद्योगाचा इतिहास असो वा ग्रामसभांच्या लिलावाची कागदपत्रे असोत, जंगलाचे मोल याच वस्तूंच्या हिशेबाने ठरत आले आहे. ज्या सजीवांच्या कामावाचून यांपैकी एकही वस्तू वर्षानुवर्षे निपजत राहिली नसती, त्या कवकांना मात्र या हिशेबात जागा मिळालेली नाही. पावसाळ्यातले काही आठवडे आठवडी बाजारात वाट्यांनी विकल्या जाणाऱ्या सात्या, म्हणजे खाण्याजोग्या रानछत्र्या, एवढ्यापुरतीच त्यांची ओळख उरली असून, त्या सात्या कोठून येतात, कशाच्या आधारे टिकतात आणि त्यांचा व्यापार वाढला तर काय होईल, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. प्रस्तुत विषयाची मांडणी करताना हेच प्रश्न केंद्रस्थानी ठेवावे लागतात, कारण रानकवकांच्या व्यापाराची चर्चा बाजारभावापासून सुरू झाली की ती बहुधा चुकीच्या ठिकाणी जाऊन पोहोचते.

भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात वसला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली आणि पश्चिमेला भंडारा अशा त्याच्या सीमा असून, धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि पानझडी जंगल यांची एकमेकांत गुंफण हे त्याचे वैशिष्ट्य आहे. पाऊस भरपूर, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतर जमीन हळूहळू कोरडी होत जाते आणि एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांना भिडतो. नवेगावबांध आणि नागझिरा ही संरक्षित वने येथलीच असून कोका व नवीन नागझिरा अभयारण्यांसह 2013 साली त्यांचा व्याघ्रप्रकल्प झाला. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील गोंड, हलबा आणि इतर समाजांच्या गावांत पावसाळी रानभाज्यांना आजही रोजच्या जेवणात स्थान आहे, आणि या रानभाज्यांच्या मालिकेत बांबूच्या कोवळ्या कोंबांइतकाच म्हणजे वास्त्यांइतकाच मान सात्यांना आहे. पश्चिम महाराष्ट्रात अळंबी, विदर्भाच्या काही भागांत टेकोडे आणि येथे सात्या अशी नावे बदलत गेली, तरी बोलणारा ज्या वस्तूविषयी बोलत असतो ती बहुतेक वेळा एकच असते: पावसात जमिनीतून वर आलेली, खाण्याजोगी छत्री.

ही छत्री म्हणजे कवक नव्हे. ती कवकाचे केवळ फळ आहे. कवकाचे खरे शरीर जमिनीत, पालापाचोळ्यात किंवा लाकडात पसरलेल्या, केसाहूनही बारीक अशा तंतूंचे असते. या तंतूंच्या जाळ्याला कवकजाल म्हणतात, आणि ते वर्षानुवर्षे डोळ्यांआड जगत राहून अनुकूल ओल व उष्णता मिळाली की बीजाणू पसरवण्यापुरते छत्रीच्या रूपाने बाहेर डोकावते. बीजाणू म्हणजे कवकाच्या पुनरुत्पादनाचे सूक्ष्म कण; छत्रीच्या खालच्या बाजूच्या पडद्यांसारख्या पापुद्र्यांवर ते अगणित संख्येने तयार होऊन वाऱ्याबरोबर जातात. कवकांना हरितद्रव्य नसल्याने ती स्वतःचे अन्न स्वतः बनवू शकत नाहीत, पण प्राण्यांप्रमाणे अन्न गिळतही नाहीत. ती पाचकद्रव्ये शरीराबाहेर सोडून भोवतालचा पदार्थ तेथल्या तेथे विरघळवतात आणि मग शोषून घेतात. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कीटकांच्या कवचात आढळणारे कायटिन असते. अशा कारणांमुळे रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1969 साली मांडलेल्या पाच सृष्टींच्या वर्गीकरणात कवकांना वनस्पतींपासून वेगळे काढून स्वतंत्र सृष्टीचा दर्जा दिला, आणि पुढील जनुकीय अभ्यासाने तर ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची असल्याचे दाखवले. हा तपशील केवळ वर्गीकरणशास्त्राचा वाटला तरी कायद्याच्या संदर्भात तो पुढे पुन्हा उपस्थित होणार आहे.

जंगलात कवके अनेक प्रकारे पोट भरतात; त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत, आणि गोंदियाच्या संदर्भात या तिन्हींचे आपापसांतले प्रमाण समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. पहिला प्रकार विघटकांचा. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य इतके चिवट असते की बहुतेक सजीवांना ते पचत नाही. ते पुरतेपणी मोडून काढण्याची क्षमता मुख्यत्वे श्वेतकुज कवकांत, म्हणजे लाकूड कुजवून त्याला पांढुरके, तंतुमय करणाऱ्या कवकांत असते. दुसरा प्रकार झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या कवकांचा; या भागीदारीला कवकमूल म्हणतात. कवक आपल्या तंतूंद्वारे मुळांच्या आवाक्याबाहेरचे स्फुरद व पाणी झाडाला आणून देते आणि मोबदल्यात झाडाने बनवलेली शर्करा घेते. स्कॉटलंडमधील रायनी येथील सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ही भागीदारी दिसते, म्हणजे जमिनीवर वनस्पती रुजल्या त्या आरंभकाळापासूनच ती चालत आली आहे. तिसरा प्रकार कीटकांशी सहजीवन करणाऱ्या कवकांचा, आणि येथल्या सात्यांचा मोठा भाग याच प्रकारात मोडतो.

कवकमुलांचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात कवक मुळांभोवती बाहेरून आवरण तयार करते आणि पावसाळ्यात जमिनीवर किंवा जमिनीलगत ठळक फळे धरते. साल, पाइन, ओक अशी झाडे या प्रकारची साथ घेतात. बस्तरच्या सालवनात पहिल्या पावसानंतर जमीन उकरून काढला जाणारा आणि हंगामाच्या आरंभी चढ्या भावाने विकला जाणारा बोडा हे त्याचे जवळचे उदाहरण होय. दुसऱ्या प्रकारात कवक मुळांच्या पेशींच्या आत शिरते आणि डोळ्यांना दिसेल असे फळ कधीच धरत नाही. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू, बांबू या गोंदियाच्या जंगलातील मुख्य प्रजाती बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या कवकांवर विसंबून असतात. याचा अर्थ असा की येथल्या झाडांना कवकांची गरज कमी आहे असे नव्हे, तर त्यांची साथीदार कवके माणसाच्या ताटात येत नाहीत. ताटात येतात ती वारुळातली आणि मेलेल्या लाकडावरची. बस्तरचा बोडा टिकवायचा तर जिवंत सालवृक्ष टिकवावा लागतो. गोंदियाच्या सात्या टिकवायच्या तर वारूळ आणि वठलेले खोड टिकवावे लागते, आणि शेती व वनव्यवस्थापन या दोघांच्याही लेखी नेमक्या याच दोन वस्तू निरुपयोगी, किंबहुना उपद्रवी ठरलेल्या आहेत. या प्रदेशातील रानकवकांविषयी जे काही सांगायचे ते या एका विसंगतीतून उगवते.

वाळवीची निंदा सर्वत्र होते, परंतु तिच्या काही जाती शेती करतात हे कमी जणांना ठाऊक असते. तंजावर परिसरात वावरलेले निसर्ग अभ्यासक योहान गेरहार्ड क्योनिग यांनी 1779 साली वाळवीच्या घरट्यातील कवकाचे वर्णन केले, आणि फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजे एम यांनी 1942 साली या कवकांच्या प्रजातीला टर्मिटोमायसीज हे नाव दिले. आफ्रिका आणि आशिया खंडांतील कवकपालक वाळव्या सुमारे 3 कोटी वर्षांपासून ही शेती करीत आहेत. तिची रीत अशी: कामकरी वाळव्या वाळलेले गवत, पाने आणि लाकूड खाऊन वारुळात परततात व अर्धवट पचलेल्या विष्ठेच्या गोळ्या रचून स्पंजासारखी सच्छिद्र पोळी उभारतात, या पोळीवर कवकजाल वाढते, लिग्निनसारखी न पचणारी द्रव्ये मोडते, आणि मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी धरते. वाळव्या या गाठी आणि कवकाने मुरवलेली जुनी पोळी खातात. पोळीच्या भोवतालची उष्णता आणि ओल वर्षभर जवळजवळ सारखी राखण्यासाठीच वारुळाची ती सगळी वायुवीजनाची रचना असते, आणि बाहेर मे महिन्याचे ऊन तापत असताना आत हे कवक तगून राहते ते त्यामुळे.

पावसाळ्यात माती पुरेशी भिजली की जमिनीखालच्या पोळीतून कवकाचा एक लांबट, मुळासारखा देठ वरच्या दिशेने वाढू लागतो. माती भेदून वर येण्यासाठी त्याचे टोक कठीण आणि अणकुचीदार असते. हेच टोक पुढे उमललेल्या छत्रीच्या मध्यभागी उंचवट्याच्या रूपाने दिसत राहते. जमिनीवर बोटभर दिसणाऱ्या सात्याचा देठ जमिनीखाली हातभर खोल गेलेला असू शकतो, आणि जाणकार संग्राहक तो उपटत नाही. काठीच्या टोकाने भोवतालची माती सैल करून, देठ जितका सहज सुटेल तितकाच घेतो आणि उकरलेली माती पुन्हा लोटून देतो. खालची पोळी फुटली तर त्या जागी पुन्हा सात्या येत नाहीत, हे ज्ञान पुस्तकातून आलेले नाही. तीच जागा दरवर्षी राखणाऱ्या कुटुंबांच्या सवयीतून ते आले आहे. याच प्रजातीतील एक लहान जात, टर्मिटोमायसीज मायक्रोकार्पस, अशा खोल देठाची नसते: वाळव्यांनी वारुळाबाहेर आणून टाकलेल्या पोळीच्या चुऱ्यावर ती उगवते, त्यामुळे जमिनीचा मोठा पट्टा एका रात्रीत बटनाएवढ्या पांढऱ्या छत्र्यांनी भरून गेलेला दिसतो.

व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब मात्र याच्या पुढची आहे. पहिल्या पावसात पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात, जोड्या जमवतात आणि नवी वसाहत वसवतात. परंतु बहुसंख्य कवकपालक जातींत या नव्या जोडप्याने आपल्याबरोबर कवक आणलेले नसते. नव्या वसाहतीतील पहिले कामकरी चाऱ्यासाठी बाहेर पडतात तेव्हा पाल्यापाचोळ्याबरोबर हवेतून पडलेले कवकाचे बीजाणू घरट्यात येतात, आणि त्यांच्यापासूनच नवी शेती सुरू होते. म्हणजे छत्री उमलून तिचे बीजाणू परिसरात विखुरले जाणे ही नव्या वारुळांची गरज आहे. न उमललेली कळी अधिक टिकते, तुटत नाही, म्हणून बाजारात तिला अधिक पसंती असते. आणि परिसरातील सगळ्याच कळ्या उमलण्यापूर्वी टोपलीत गेल्या तर त्या हंगामात वसणाऱ्या वसाहतींना बी मिळणार कोठून, हा प्रश्न उरतो. जुने वारूळ बरीच वर्षे फळत राहत असल्याने या तुटीचा परिणाम लगेच दिसत नाही, आणि जेव्हा दिसू लागतो तेव्हा त्याचे कारण पाऊस कमी झाला असे समजले जाते.

येथे स्वित्झर्लंडमधील एका प्रदीर्घ अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. 1975 पासून जवळपास 3 दशके चाललेल्या त्या प्रयोगात छत्र्या खुडल्याने किंवा कापल्याने पुढील वर्षांच्या उत्पन्नात घट आली नाही. घट आली ती माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली गेल्याने. हा निष्कर्ष मोलाचा आहे, परंतु तो समशीतोष्ण प्रदेशातील जंगलाचा आहे, जेथे कवकजाल पुढील पिढीसाठी वाळवीच्या नव्या वसाहतीवर विसंबून नसते. तो जसाच्या तसा गोंदियाला लावून सात्या हव्या तितक्या खुडाव्यात असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. तुडवणुकीविषयीचा त्याचा इशारा मात्र येथेही तितकाच लागू पडतो, कारण एखाद्या जागेची वार्ता बाजारात पोहोचली की तेथे येणाऱ्या अनोळखी माणसांची संख्या आणि त्यांच्या हातातील कुदळ, दोन्ही वाढतात.

वारुळावरचे संकट एकाच दिशेने येत नाही. धानाच्या बांधीतील आणि धुऱ्यावरील वारुळे यांत्रिक नांगरटीत सपाट होतात, वाळवीनाशक औषधे मुळाशी ओतली जातात, आणि वारुळाची सुपीक माती शेतात पसरण्यासाठी खणूनही नेली जाते. जंगलात अस्वले वाळवीसाठी वारूळ उकरतात, पण ती वरचा भाग फोडून पुढे जातात आणि वसाहत बहुधा सावरते. अस्वल आणि सात्या शोधणारा माणूस एकाच जागी, एकाच वेळी येण्याचा धोका मात्र खरा आहे आणि संग्रहणाच्या कोणत्याही योजनेत तो धरावाच लागतो.

दुसरा आधार वठलेल्या खोडाचा. पडलेल्या सागाच्या, ऐनाच्या किंवा आंब्याच्या ओंडक्यावर पहिल्या पावसाबरोबर पंख्यासारख्या पांढुरक्या धिंगऱ्या, कानाच्या पाळीसारखी तपकिरी कानकवके, करड्या केसाळ पापुद्र्यांचे शिझोफायलम आणि लाखेसारखी चकाकी असलेले कठीण गॅनोडर्मा अशी कवके क्रमाक्रमाने येतात. हा क्रम योगायोगाचा नसतो: आधी आलेले कवक लाकडातील सोपी द्रव्ये वापरते, त्याने पोखरलेल्या लाकडावर पुढचे स्थिरावते, आणि शेवटी लाकडात कोंडलेली पोषकद्रव्ये मातीत मिसळतात. सुतारपक्षी, भुंगेऱ्यांच्या अळ्या, सरडे या सगळ्यांचा संसार त्याच खोडावर चालतो. तरीही वठलेले झाड तोडून नेणे, पडलेले लाकूड उचलून जंगल स्वच्छ करणे याला चांगले व्यवस्थापन मानले जाण्याची परंपरा दीर्घ आहे. मिश्र जंगल तोडून सागाची एकसुरी लागवड केली की जातींची विविधता तर जातेच, शिवाय विरळणीच्या वेळी निघालेले लाकूडही जंगलात राहत नाही.

आगीचा प्रश्न याहून कठीण आहे, कारण त्यात गावाच्याच उपजीविकेच्या दोन बाजू समोरासमोर येतात. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला नवी, मऊ पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. ही आग पसरली की पालापाचोळा आणि खाली पडलेले लाकूड, म्हणजे पावसाळ्यात ज्यावर कवके वाढणार असतात ते सगळे अन्न, तीन महिने आधीच राख होते. वारूळ खोल असल्याने वाचते, पण वाळवीच्या चाऱ्याचा मोठा भाग जळून जातो. मोहाच्या झाडाखाली जाळी अंथरून फुले गोळा केल्यास आग लावण्याची गरजच उरत नाही, आणि तेंदूसाठी छाटणी हा आगीला पर्याय आहे. हे उपाय माहीत नसल्याने नव्हे, तर त्यांचा खर्च आणि श्रम कोणी उचलायचे हे न ठरल्याने मागे पडले आहेत. मोह आणि तेंदूच्या लिलावातून ग्रामसभेला मिळणाऱ्या रकमेचा एक हिस्सा या कामासाठी राखून ठेवणे हा सात्यांच्या संवर्धनाचाही सर्वांत थेट मार्ग आहे.

खाण्यायोग्य आणि विषारी यांतील भेद हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय असला, तरी त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. चांदीचे नाणे काळे पडले तर छत्री विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर निर्धोक, शिजवल्यावर विष जाते, या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांनी जीव घेतले आहेत. अमॅनिटा प्रजातीतील काही जातींचे विष शिजवून नष्ट होत नाही. जेवणानंतर 6 ते 12 तास, कधी त्याहूनही अधिक काळ काहीच लक्षण दिसत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, त्यानंतर रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो आणि नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असते. उकिरड्याजवळ व गवताळ जागी उगवणारे क्लोरोफायलम हे कवक वरवर पाहता सात्यासारखेच दिसते. उमललेली छत्री कागदावर पालथी घालून रात्रभर झाकून ठेवल्यास बीजाणूंचा ठसा उमटतो. टर्मिटोमायसीजचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट आणि अमॅनिटाचा पांढरा येतो. अनुभवी स्त्रिया देठाची खोली, टोकाचा उंचवटा आणि उगवण्याची जागा यांवरून ओळख पटवतात, आणि ओळख पटली नाही तर छत्री सोडून देतात. व्यापार वाढल्यावर धोका निर्माण होतो तो येथेच: घरासाठी वेचणारी व्यक्ती जे शंकेमुळे सोडते, ते वजनासाठी वेचणारी व्यक्ती टोपलीत टाकते. म्हणून कोणत्याही विक्रीव्यवस्थेत गावातील जाणत्या स्त्रियांकडून माल पारखून घेण्याची पायरी असलीच पाहिजे आणि त्या कामाचा त्यांना मोबदला मिळाला पाहिजे.

सात्या हा नाशवंत माल आहे. त्यांच्यात सुमारे 90 टक्के पाणी असते, छत्री उमलल्यावर एका दिवसात मऊ पडते आणि लवकरच तिच्यात अळ्या होतात. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदियाहून नागपूर सुमारे 130 किलोमीटर अंतरावर असल्याने सकाळी वेचलेला माल त्याच दिवशी शहरात पोहोचवणे अशक्य नाही. तरीही देवरी किंवा सालेकसा भागातील आतल्या गावापासून स्थानकापर्यंतच्या प्रवासातच त्याचा कस लागतो. वेचणाऱ्याच्या हाती थांबण्याची ताकद नसते, संध्याकाळपर्यंत माल विकलाच पाहिजे, आणि म्हणून भाव ठरवणारा नेहमी समोरचा असतो. वाळवणे हा यावरचा जुना उपाय असला तरी पावसाळ्यातच माल येतो आणि पावसाळ्यातच ऊन नसते, ही अडचण आहे. गावपातळीवर साध्या वाळवणी यंत्राची सोय झाल्यास वेचणाऱ्याला काही दिवसांची तरी उसंत मिळते.

गोव्यात रोंयण अळमी म्हणून ओळखली जाणारी हीच वारुळातली कवके पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला नगावर, अतिशय चढ्या भावाने विकली जातात. गोव्यातील कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी या कवकांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून अतिसंग्रहणाविरुद्ध ते सातत्याने बोलत आले आहेत. हिमालयातील गुच्छी आणि यारसागुंबा यांची कहाणी याच वाटेने पुढे गेलेली आहे. यारसागुंबा, म्हणजे सुरवंटावर वाढणारे ते औषधी कवक, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत 2020 साली असुरक्षित म्हणून नोंदले गेले. गोंदियाला अजून तो टप्पा आलेला नाही, आणि येण्यापूर्वीच नियम ठरवण्याची संधी येथे आहे.

हे नियम कोण ठरवणार, याचे उत्तर कायद्यात शोधावे लागते. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा शेजारच्या गडचिरोलीत लागू असला तरी गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. म्हणून येथल्या गावांचा मुख्य आधार 2006 चा वनहक्क कायदा हाच आहे. या कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकीहक्क दिला, सामूहिक वनक्षेत्राचे रक्षण व व्यवस्थापन ग्रामसभेकडे सोपवले, आणि 2012 च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचे कामही ग्रामसभेच्या समितीकडे आले. परंतु कायद्यातील गौण वनोपजाची व्याख्या वनस्पतिजन्य उत्पादनांची आहे, आणि कवके तर वनस्पती नव्हेत. त्यात बांबू, मध, मेण, लाख, कोसा, कंदमुळे यांची नावे आहेत, कवकांचे नाही. व्याख्येत कोसा, मध व लाख यांसारखी कीटकांची उत्पादने आहेतच आणि यादीच्या शेवटी तत्सम वस्तूंना वाव ठेवलेला आहे, त्यामुळे सात्या त्यात सामावतात असे मानणे रास्त आहे; तरीही उद्या मोठी उलाढाल सुरू झाल्यावर ही संदिग्धता वेचणाऱ्यांच्या विरोधात वापरली जाऊ नये, यासाठी प्रत्येक ग्रामसभेने आपल्या ठरावात आणि व्यवस्थापन आराखड्यात सात्यांचा नावानिशी उल्लेख करणे शहाणपणाचे ठरेल. राष्ट्रीय उद्यान व अभयारण्याच्या हद्दीत 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू असल्याने तेथल्या संग्रहणाचा प्रश्न वेगळा आहे. वनविभागाने बंदी घालावी आणि गावाने ती चुकवावी असे त्याचे स्वरूप राहिले, तर त्यात ना जंगलाचे भले आहे ना गावाचे.

नियम फार असण्याची गरज नाही. प्रत्येक वारुळावरील काही छत्र्या उमलून बीजाणू पडेपर्यंत सोडणे, कुदळीने न खणणे, वेचणी गावातील कुटुंबांपुरतीच ठेवणे आणि कोणते वारूळ कोणत्या आठवड्यात फळले याची नोंद करणे, एवढे पाळले तरी सुरुवातीला पुरेसे आहे. ताज्या सात्यांचा व्यापार हंगामी, मर्यादित आणि जवळच्या बाजारापुरता राहावा. त्यांचा भाव त्यांच्या दुर्मीळतेमुळे चढा असेल तर तो वेचणाऱ्याला मिळावा. मात्र वर्षभराच्या, मोठ्या उलाढालीचे ओझे या रानकवकावर टाकता कामा नये, कारण टर्मिटोमायसीजची व्यापारी लागवड आजवर कोणालाही साधलेली नाही आणि वाळवीशिवाय ती साधण्याची चिन्हेही दिसत नाहीत.

ते ओझे पेलण्याची ताकद तनशीत, म्हणजे धानाच्या पेंढ्यात आहे. धानाचा जिल्हा असल्याने येथे तनस मुबलक आहे, आणि धिंगरी या मूळच्या लाकूडकुजव्या कवकाला ती उत्तम मानवते. तनशीचे दोन-तीन इंचांचे तुकडे रात्रभर भिजवून, 70 ते 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून, निथळून घेतात. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी पण थेंब पडू नये, इतपत ती कोरडी झाली की धान्यावर वाढवलेले कवकबी थरांमध्ये पसरून प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरतात. पिशवीला भोके पाडून ती अंधाऱ्या खोलीत टांगली की 15 ते 20 दिवसांत तनस पांढऱ्या तंतूंनी बांधली जाते. मग पिशवी कापून काढतात, पाण्याचा फवारा देत राहतात आणि आठवडाभरात पहिली तोडणी येते. एक किलो वाळलेल्या तनशीपासून साधारणतः अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी निघते. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ तिला येथे अनुकूल असतो, तर उन्हाळ्याच्या दिवसांत 30 ते 35 अंशांच्या उष्णतेत वाढणारे धानपेंढ्याचे कवक, व्होल्व्हॅरिएला, सावलीत व ओलाव्यात घेता येते. तनस हा गुरांचा चाराही आहे, तेव्हा किती तनस या कामी वळवावी याचा विचार घरोघरी करावा लागेल. उरलेली, कवकाने मऊ झालेली तनस खत म्हणून शेतात परत जाते. लागवडीसाठी परदेशी वाण आणताना सावधगिरी हवी, कारण पूर्व आशियातील सोनेरी धिंगरी अमेरिकेतील जंगलांत निसटून तेथल्या मूळ कवकांना मागे रेटत असल्याचे दिसून आले आहे. येथल्याच जंगलातील धिंगऱ्यांपासून वाण निवडणे अधिक सुरक्षित आहे आणि अधिक उपयुक्तही, कारण ती या उष्णतेला सरावलेली असतात.

असे वाण निवडायचे तर आधी ती कवके ओळखून, जपून ठेवलेली असली पाहिजेत. महाराष्ट्रातील कवकशास्त्राची परंपरा समृद्ध आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचा कवक-संग्रह आणि राष्ट्रीय कवक-संवर्ध संग्रह आहे. परंतु या परंपरेचे लक्ष स्वाभाविकपणे सह्याद्रीकडे अधिक राहिले, आणि गोंदियासह वैनगंगेच्या खोऱ्यातील जंगल त्या मानाने उपेक्षित राहिले. जैवविविधता अधिनियम 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. या नोंदवहीत वृक्ष, पक्षी, मासे यांची पाने भरली जातात, कवकांचे पान बहुधा कोरे राहते. ते भरण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. छत्रीचे स्थानिक नाव, उगवण्याची जागा, यजमान झाड किंवा वारूळ, पहिल्यांदा दिसल्याचा आठवडा, खातात की नाही, आणि कागदावर घेतलेला बीजाणूंचा ठसा, एवढी माहिती गावातील शाळेची मुले जाणत्या बायकांना विचारून एका हंगामात गोळा करू शकतात. वाळवून कागदी पाकिटात ठेवलेला नमुना नंतर पुण्याला वा नागपूरला तपासता येतो. पुढील पृष्ठांतील वर्णने वाचताना वाचकाने त्या त्या कवकाची जागा, वारूळ की खोड, आधी पाहावी आणि मग त्याच्या उपयोगाकडे वळावे, अशा क्रमानेच ती मांडली आहेत.